उपटून पुन्हा लावलेले केस

समस्त ठाणे जिल्ह्यातील, विशेषेकरून कल्याण-डोंबिवली परिसरातील, केस असलेल्या, केस नसलेल्या आणि केस जाण्याच्या मार्गावर असलेल्या तमाम पुरुषवर्गास व त्यांच्या सोशिक कुटुंबीयांस या निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या कपाळावर सन एकोणीसशे शहाऐंशीमध्ये लावण्यात आलेले केस सदोष निघाल्याने ते उपटून पुन्हा लावण्यात आले आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी. हरकती मागवण्यात येत नाहीत. ज्यांच्या होत्या त्यांनी त्या माझ्या तोंडावर आधीच सांगितल्या आहेत.

हसू आलं असेल तर हसा. मीही हा किस्सा लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, अगदी स्मशानाबाहेरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा हातवारे करून सांगितला आहे. पण आज लिहायला बसलो तो वेगळ्या कारणासाठी. टक्कल हा आजार नाही हे मलाही कळतं. टक्कल घालवायला गेलेल्या माणसाला मागाहून जे होतं तो मात्र आजार आहे. त्यात जखमा आहेत, ताप आहे, रात्रीची कूस बदलता न येणं आहे आणि लाज तर इतकी आहे की तिला औषध नाही. शिवाय या आजारात कुणी शहाळं घेऊन भेटायला येत नाही. येतात ते ओठ चावत येतात. माझ्यासारखा कुणी आरशासमोर एकटा उभा असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

राजपुत्राचा टोप

मी ठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो आणि डोंबिवलीत आई-अण्णांबरोबर राहत होतो. नोकरी पोटासाठी, बाकी सगळा जीव नाटकात. कंपनीच्या नाट्यमंडळात नायक मीच. तिशी जवळ आली आणि कपाळ मागे सरकायला लागलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चाळिशीतच पूर्ण टक्कल पडलं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. आंघोळ झाली की पंच्याने डोकं चकाचक पुसून ते म्हणत, "झाला भांग."

मला मात्र वाटत होतं. त्या सुमारास कल्याणला स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ परदेशातून शिकून आलेत आणि मागचे केस काढून पुढे लावून देतात, असं कळलं. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता कुठे आहेत ते ठाऊक नाही, आणि असले तरी त्यांना माझ्याकडून फुकटची प्रसिद्धी मिळू नये.

त्यांनी विचारलं, "कपाळाची रेघ कुठे हवी?"

आता इथे मी जे केलं ते फक्त मराठी हौशी नटच करू शकतो. आमच्या ऐतिहासिक नाटकात मी सोळा-सतरा वर्षांच्या राजपुत्राचं काम केलं होतं. त्या कामासाठी कपडेपटवाल्याने दिलेला केसांचा टोप मला इतका शोभला होता की पहिल्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या होत्या. मी तो टोप कपडेपटवाल्याकडून भाड्याने आणला, पिशवीतून काढला आणि डॉक्टरांसमोर डोक्यावर चढवला. म्हटलं, "अशी."

कुठल्याही शहाण्या माणसाने मला तिथूनच घरी पाठवलं असतं. या गृहस्थांनी जांभळ्या शाईचं पेन घेतलं आणि टोपाच्या कडेने सरळ रेघ मारली. टोप काढला, आरसा दिला. म्हणाले, "वा."

डोक्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शनं दिली. मग एक छोटं यंत्र घरघरत फिरू लागलं, सुतार दाराला भोकं पाडतो तसं. वाटाण्याएवढे गोल तुकडे, प्रत्येकात दहा-पंधरा केस, मागून काढायचे आणि पुढे तेवढीच भोकं पाडून त्यात बसवायचे. रक्त भुवयांवरून डोळ्यांत येत होतं आणि डॉक्टर माझ्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत होते. डोक्याला पट्ट्यांचा फेटा बांधून घरी आलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणी मारलं रे तुला?" आईने माझ्या आधी उत्तर दिलं, "स्कूटरवरून पडला." आमच्या घरी स्कूटर नव्हती.

निदान

लावलेले केस आधी गळतात, मग तीन-चार महिन्यांनी उगवतात. माझेही उगवले. त्या आनंदात मी आईकडून दृष्ट काढून घेतली. खरंच काढून घेतली, मीठ-मोहऱ्या घेऊन.

इतर आजारांत निदान डॉक्टर करतो. माझं निदान आमच्या नाटकाच्या दिग्दर्शकाने केलं. रंगीत तालीम चालू होती. मी मध्यभागी उभा, वरून प्रकाशझोत, तोंडात नायिकेच्या बापाला उद्देशून एक लांबलचक भाषण. दिग्दर्शक अंधारातून म्हणाला, "थांब जरा." मग वर बघून दिवेवाल्याला म्हणाला, "तो वरचा बंद कर रे. ह्याच्या डोक्यावर रांगा दिसतायत."

कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. मी रंगपटात गेलो, बल्बांच्या उजेडात मान खाली घातली, डोळे वर करून पाहिलं. केस नव्हते ते. झुबके होते. दात घासायच्या ब्रशावर असतात तसे, प्रत्येक झुबका वेगळा, मधे पांढरं कातडं, आणि सगळे त्या राजपुत्राच्या सरळ रेघेवर शिस्तीत उभे. मुलींच्या रबरी बाहुलीचे केस पाहा एकदा. तसे. घरी बाथरूममध्ये, न्हाण्याच्या दिवशी, अर्धवट उजेडात मला ते इतके महिने दिसलेच नव्हते. की दिसले होते आणि मी पाहत नव्हतो, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी कल्याणला गेलो. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन बैठका कराव्या लागतील, मग भरगच्च होईल." मी एक केली. झुबक्यांच्या आणखी दोन रांगा आल्या. तिसऱ्या बैठकीला गेलो तर दुसऱ्या मजल्यावर टायपिंगचा क्लास सुरू झाला होता. आतून खडखडाट येत होता. मी दारात उभा राहिलो तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "इंग्रजी की मराठी?"

पगडीची वर्षं

त्यानंतर नाट्यमंडळाने मला कामं दिली नाहीत असं म्हणणार नाही. दिली. भालदार, सावकार, गावचा पाटील, म्हातारा दिवाण. डोक्यावर काहीतरी असेल अशी सगळी. नायकाचं काम स्टोअरमधल्या एका पोराला गेलं, त्याचे केस तेलाने चापून बसवलेले, उच्चार भयंकर. मी पगडी घालून विंगेत उभा राहून त्याची स्वगतं ओठांतल्या ओठांत म्हणायचो. बरोबर उच्चारांत.

आणखी एक गंमत सांगतो. लावलेले झुबके गळत नाहीत, मात्र त्यांच्या मागचे माझे स्वतःचे केस गळत राहिले. म्हणजे पुढे कुंपण शाबूत आणि मागे मैदान मोकळं. मी मागचे केस वाढवून पुढे ओढायला लागलो. वारा आला की पाठ फिरवायचो. रंगपंचमीला मी कायम आजारी. ओलं डोकं कुणाला दिसू द्यायचं नाही हा माझा धर्म झाला.

अशा डोक्यानिशी माझं लग्न ठरलं. सुनंदा कळव्याची, घरची भातशेती, स्वतः शाळेत शिक्षिका. पाहण्याच्या दिवशी तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आम्हाला दोघांना बोलायला बाजूला बसवलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "आमच्या बायका लावणी करतात ना, त्यासुद्धा इतकी सरळ रांग धरत नाहीत." मी उठून जाणार होतो. ती म्हणाली, "बसा हो. नापसंत केलं असं कुठे म्हटलं मी?"

तिने पसंत केलं. माझंच मला करता आलं नाही. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी मी तिला माझ्या डोक्यावरून हात फिरवू दिला नाही. पुढून हात गेला तर झुबके लागणार, मागून गेला तर तिथले गोल व्रण लागणार. झोपेत तिचा हात आला तरी मी दचकून उठायचो. एकदा ती म्हणाली, "एवढं काय लपवता? मी काय परकी आहे?" मी विनोद केला. या सगळ्या काळात मी फार विनोद केले. तिने मग विचारणं सोडून दिलं, आणि मला ते सोपं वाटलं.

पुन्हा खुर्चीवर

पंच्याण्णवच्या सुमारास ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला एक डॉक्टरबाई बसायला लागल्या. बिघडलेली डोकी दुरुस्त करतात असं कळलं. घरी सांगितलं तर सुनंदाने पोळपाटावरची पोळी तशीच ठेवली.

"एकदा भाजलं ना? पुन्हा चुलीत हात?"

"ह्या वेगळ्या आहेत."

"तेही वेगळेच होते."

आई म्हणाली, "जाऊ दे गं, त्याच्या डोक्याला शांतता नाही." सुनंदा म्हणाली, "मला तरी कुठे आहे?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "मी जातो बरोबर. हा टोप घेऊन जातोय का तेवढं बघतो."

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत माझं डोकं नळाखाली ओलं केलं. उजेडात, अण्णांच्या समोर. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "नवं डोकं मिळणार नाही. आहे ते कमी वाईट करता येईल. पटत असेल तर बसा." दहा वर्षांत माझ्याशी खरं बोललेल्या त्या पहिल्या डॉक्टर.

पद्धत अशी. झुबका भोवतीने कापून उचलायचा, भोक टाक्याने मिटवायचं. तो झुबका भिंगाखाली धरून एकेक-दोन-दोन केस वेगळे करायचे आणि ते बारीक चिरांमधून पुढे-मागे, मुद्दाम वेडेवाकडे लावायचे, म्हणजे ती राजपुत्राची रेघ मोडते. मागून नवे केस घ्यायचे तर फारच थोडे, कारण आधीच्या गृहस्थांनी मागचा साठा उधळून टाकला होता. "हे शेवटचं आहे," असं त्या प्रत्येक वेळी बजावत. "यानंतर मागे घ्यायला काही नाही."

सकाळी लवकर जायचं, केस धुवायचे, कपाळात सुया. त्या सुया विसरलो असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. मग पालथं, मग उताणं. अकराला चहा, तो नळीने प्यायचा. बशीत माझे झुबके मिठाच्या गार पाण्यात पडलेले, आणि दोन नर्स त्यांची फाळणी करत सासवांबद्दल बोलत. नवरात्रात बाई काम ठेवत नसत, बाहेरच्या ढोलांनी हात हलतो म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सूज उतरत डोळ्यांवर यायची आणि मी बेडकासारखा दिसायचो. अशा बैठका काही महिन्यांच्या अंतराने, दीड-दोन वर्षं.

सुधारणा झाली का? झाली. आरसा फसायला लागला. कुणी अनोळखी माणूस बोलताना माझ्या कपाळाकडे न बघता डोळ्यांकडे बघू लागला, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्याचं बिघडलंय त्यालाच कळेल. पण जे गेलं ते त्या डॉक्टरबाईंना कुठून आणता येणार? नायकाची वयं गेली होती. म्हणून माझ्यासारख्याने एवढं ऐकावं: कुणी डोक्याला हात लावण्याआधी त्यांनी दहा वर्षांपूर्वी केलेलं एखादं डोकं बघायला मागा, आणि ते ओलं करून बघा. दाखवत नसतील तर जिना उतरून या. घाई त्यांना असते, कातडं आपलं असतं.

अण्णा आणि फवारा

अण्णा प्रत्येक बैठकीला आले. बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र, डबा, मांडीवर माझी टोपी. घरी आल्यावर जखमा ओलसर ठेवाव्या लागत. सुनंदा शाळेत, आईला रक्त बघवत नसे, म्हणून ते काम अण्णांनी घेतलं. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली होती, ती उकळून धुऊन त्यात मिठाचं पाणी भरलेलं. मला गॅलरीत स्टुलावर बसवायचे आणि कुंडीतल्या रोपाला मारावा तसा फवारा मारायचे. मान हलवली की म्हणायचे, "स्थिर बस, तुळस वाकडी होईल."

शेवटच्या बैठकीनंतर ते असेच फवारत होते. मधेच थांबले आणि सहज म्हणाले, "मी गेलो की डोकं करू नकोस हं. फार काम झालंय तिथे."

मी म्हटलं, "अण्णा, काहीतरीच काय."

"काहीतरीच काय? आमच्या वडिलांच्या वेळी मी केलं तेव्हा न्हाव्याला पाच मिनिटं लागली नाहीत. तुझ्या डोक्याला नकाशा लागेल."

आम्ही दोघंही हसलो. मला सांगायला संकोच वाटत नाही की ती भीती माझ्याही मनात केव्हापासून होती. अण्णा नुसते खोकले तरी मला दोनदा धडकी भरायची, एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा मुंडनासाठी. वस्तरा फिरला की मागचे सगळे व्रण उघडे पडणार, सगळ्या भाऊबंदांसमोर. असा विचार येतो माणसाच्या मनात. आजार माणसाला चांगला करतो असं म्हणणाऱ्यांना एकदा भेटायचंय मला.

त्याच आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता, अण्णा गेले. हातातला कप खाली पडला नाही, मांडीवर टेकला.

दहावा

मी एकटा मुलगा. डोक्याला पट्टी असतानाच अग्नी दिला. आमच्याकडे मुंडन दहाव्याला करतात. मधल्या दिवसांत डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी आधी बैठकीची तारीख विचारली. मग म्हणाल्या, "मुळं अजून धरली नाहीत. पुढच्या भागावर वस्तरा फिरला तर खपल्यांबरोबर ती निघतील. आणि मागे आता काही उरलं नाहीये, हे तुम्हाला माहीत आहे."

कल्याणच्या खाडीकाठी दहाव्याला माणसं जमली. गुरुजींना मी डॉक्टरबाईंचं आणि अण्णांचं म्हणणं आधीच सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "काही हरकत नाही. चार केस कातरीने कापा, झालं. हल्ली बरेच जण तसंच करतात." पण चिपळूणकडून आलेल्या एका चुलतभावाला ते पटेना. तो म्हणाला, "बापाच्या दहाव्याला केस वाचवायचे म्हणजे कठीण आहे." दुसरा त्याला म्हणाला, "अरे, त्याचं ऑपरेशन झालंय." "कसलं?" "केसांचं." "केसांचं?" आणि मग पिंड मांडून ठेवलेले, दर्भ हातात, आणि खाडीकाठची दहा-पंधरा माणसं माझ्या डोक्याविषयी बोलायला लागली. किती वेळा झालं, खर्च किती, उगवतात का, त्या अमक्याने पण केलं होतं.

मी ऐकत होतो. दहा वर्षं माझ्या घरात हाच विषय होता. माझ्या लग्नात हा विषय होता, माझ्या नाटकात, माझ्या बायकोच्या अबोल्यात. आता अण्णांच्या दहाव्यालाही हाच. मोठेपणा म्हणून सांगत नाही, मला त्या डोक्याची भयंकर चीड आली. मी जाऊन न्हाव्यासमोर बसलो आणि टोपी काढली.

न्हाव्याने खपल्या पाहिल्या. "वरचं पण?"

"सगळं."

गुरुजी म्हणाले, "अहो, अण्णांनीच नको म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"हो. त्यांनी नको म्हटलं होतं." मी म्हटलं आणि मान न्हाव्यापुढे वाकवली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाची उत्सुकता राहायला नको. त्या शेवटच्या लावणीतले निम्म्याहून जास्त केस पुन्हा आले नाहीत. डॉक्टरबाई माझ्यावर संतापल्या आणि त्यांचं बरोबर होतं. कपाळाच्या डाव्या बाजूला आज जी मोकळी जागा दिसते ती त्या दिवसाची आहे, ती भरायला आता कुठेच काही नाही. मी पश्चात्ताप करतो का? डाव्या बाजूने फोटो काढतात तेव्हा करतो. घरी गेल्यावर मात्र सुनंदाने काही न विचारता, रडत, हळदीचं तेल घेऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, आणि मी मान काढून घेतली नाही.

पण तो नंतरचा भाग. खाडीकाठी न्हाव्याने हळूहळू, जिथे रक्त आलं तिथे फडकं दाबत, सगळं डोकं साफ केलं. पाणी ओतलं. मी उठून उभा राहिलो. थंड वारा डोक्याला सरळ लागला, असा कधी लागू दिला नव्हता. मागची माणसं व्रण बघत होती, पुढची दुसरीकडे. गुरुजींनी पळी उचलून तशीच हातात धरली.

अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे बापूकाका, पुढच्या बाजूला खुर्चीवर बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कानाने ठार बहिरे, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळत नाही. ते काठी टेकत उठले, माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, मागे थांबून बराच वेळ पाहिलं, पुन्हा पुढे आले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मागे पार चाळण झालेय रे तुझी. पण पुढनं आता कुठे माणसात आलास."